करपा बटाट्यावर आला, माणसं कशाने मेली?

१८४५ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या बटाट्यावर करपा आला. आधी बेल्जियम, मग हॉलंड, उत्तर फ्रान्स, इंग्लंड आणि सप्टेंबरात आयर्लंड. त्या पहिल्या वर्षी बेल्जियमचं बटाट्याचं उत्पन्न सुमारे ८७ टक्क्यांनी घटलं, हॉलंडचं सत्तर टक्क्यांच्या आसपास. आयर्लंडमधली घट ३० टक्क्यांच्या घरात होती. दुसऱ्या वर्षी मात्र आयर्लंडचं जवळजवळ सगळं पीक गेलं, तर बाकी दोन देशांत निम्म्याच्या आगेमागे. या चार-पाच वर्षांत बेल्जियममध्ये चाळीस-पन्नास हजार आणि हॉलंडमध्ये साठेक हजार माणसं नेहमीपेक्षा जास्त दगावली. हे आकडे लहान नाहीतच. पण आयर्लंडमध्ये दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत जवळपास ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. त्या बेटावर आजही १८४१ इतकी माणसं नाहीत.

रोग एक, हवामान बरंचसं सारखं, पीकही तेच. मग मृत्यूंच्या संख्येत एवढी तफावत का पडते?

या प्रश्नाला दोन उत्तरं ठरलेली असतात. एक सरकारी उत्तर: नैसर्गिक आपत्ती होती, कोण काय करणार. दुसरं उत्तर त्याच्या विरोधातलं: रोग हे नुसतं निमित्त, खरा दोष राज्यकर्त्यांचा. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, पण तेही मला अपुरं वाटतं. रोगाला निमित्त म्हणून बाजूला सारलं की शेतात काय पेरलं जातं, कुणाच्या निर्णयाने पेरलं जातं, हा प्रश्नही बाजूला पडतो. रोगाने पीक जातं. पण त्यातून दुष्काळ होणार की नाही, हे रोग येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं: जमीन कुणाच्या नावावर आहे, ताटात किती प्रकारचं अन्न आहे, मजुराच्या हातात रोख पैसा येतो का, आणि सरकार भुकेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने बघतं, यांवरून. हे सगळे राजकीय निर्णय आहेत आणि बियाण्याचा निर्णयही त्यातलाच एक आहे.

आयर्लंडचं उदाहरण थोडं खोलात बघायला हवं. चांगली जमीन जमीनदारांची, त्यातले पुष्कळसे इंग्लंडमध्ये राहणारे. त्या जमिनीवर गहू, ओट, जनावरं. मजुराला कामाच्या बदल्यात एक तुकडा मिळायचा आणि त्या तुकड्याचा खंड तो अंगमेहनतीने फेडायचा. एवढ्याशा तुकड्यावर घरातल्या सगळ्यांचं पोट भरू शकेल असं पीक एकच होतं, बटाटा. राबणारा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक. जवळजवळ तीस लाख माणसं जवळपास पूर्णपणे या एका पिकावर जगत होती. त्यातही गरिबाच्या शेतात प्रामुख्याने एकच वाण होतं, ‘लंपर’. ते पडीक, ओलसर जमिनीतही भरपूर पिकायचं. गरिबांनी ते निवडलं हे खरं, पण त्यांच्यापुढे दुसरं काय ठेवलं होतं?

बटाटा बियांपासून लावत नाहीत, बटाट्याच्याच फोडी लावतात. म्हणजे एका वाणाची सगळी झाडं आतून एकसारखी. एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागतो. करप्याचा जंतू, फायटोप्थोरा इन्फेस्टन्स, अमेरिकेतून आला. १८४३ मध्ये फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या भागात तो दिसलाच होता. थंड, दमट हवेत पानांच्या खालच्या बाजूला पांढरट बुरशी येते, बीजाणू वाऱ्यावर आणि पावसाच्या थेंबांवरून पसरतात, आणि आठ-पंधरा दिवसांत हिरवं शेत काळं पडतं. जमिनीतले बटाटेही सडतात. मंचर-खेडच्या पट्ट्यात किंवा सातगाव पठारावर बटाटा करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. द्राक्षावर डाऊनी हा रोग आणणारा जंतू या जंतूचा जवळचा नातेवाईकच आहे. त्या डाऊनीवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सापडलं ते १८८० च्या दशकात, फ्रान्समध्ये. तेच पुढे बटाट्यालाही लागू पडलं. १८४५ मध्ये शास्त्रज्ञांचं यावरही एकमत नव्हतं की बुरशीमुळे बटाटा सडतो की सडल्यामुळे बुरशी येते. तेव्हा रोग थांबवता आला नाही याचा दोष कुणाला देता येणार नाही.

दोष पुढचा आहे. पहिल्या वर्षी पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका गुपचूप विकत घेतला आणि सरकारी गुदामांतून स्वस्तात विकला. लोकांना तो दळता येत नव्हता, शिजवता येत नव्हता, पोटं बिघडली. आपल्याकडे १९७२ नंतर रेशनवर आलेला लाल मिलो ज्यांनी खाल्ला त्यांना हे सहज समजेल. पण त्या पहिल्या हिवाळ्यात उपासमारीने फारशी माणसं मेली नाहीत. १८४६ च्या उन्हाळ्यात सरकार बदललं आणि सूत्रं आली अर्थखात्याचे सचिव चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्याकडे. त्यांची ठाम समजूत अशी की सरकारने धान्याच्या बाजारात हात घातला तर व्यापारी धान्य आणणार नाहीत, आणि फुकट मदत दिली तर माणसं आळशी होतील. म्हणून नेमक्या त्या हिवाळ्यात, जेव्हा पीक जवळजवळ सगळं गेलं होतं, धान्य बाजारावर सोडलं गेलं आणि लोकांना रस्त्याच्या कामांवर पाठवलं गेलं. मार्च १८४७ मध्ये सात लाखांहून जास्त माणसं या कामांवर होती. मजुरी उशिरा यायची आणि यायची तेव्हा वाढलेल्या भावात तिच्यात कुटुंब भागत नव्हतं. उपाशी माणसं बर्फात दगड फोडत होती.

मग कामं बंद करून सूपचं वाटप सुरू झालं. जुलै १८४७ मध्ये रोज तीस लाख माणसांना शिजलेलं अन्न मिळत होतं. या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. त्या काळातल्या सरकारला, त्या काळातल्या रस्त्यांवरून, तीस लाख माणसांना रोज जेवू घालणं जमलं. म्हणजे जमत होतं. आणि जमत असताना ते शरद ऋतूपर्यंत बंद केलं गेलं, दुष्काळ संपला असं धरून. पुढचा भार आयर्लंडमधल्याच स्थानिक करांवर टाकला गेला. नियम असा केला की पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत हवी असेल तर त्याने जमीन सोडावी. हजारो कुटुंबांनी जमीन सोडली, घरं पाडली गेली, आणि १८४८ मध्ये करपा परत आला. ब्रिटिश तिजोरीतून या सगळ्या वर्षांत सुमारे ८० लाख पौंड खर्च झाले, त्यातलेही बरेचसे कर्जाऊ. त्याच्या थोडं आधी गुलामगिरी बंद करताना गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले होते.

या काळात आयर्लंडच्या बंदरांतून ओट, लोणी, जनावरं बाहेर जात राहिली. इथे काही इतिहासकार आठवण करून देतात की १८४७ मध्ये धान्याची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली, आणि ती आठवण रास्त आहे. निर्यात थांबवली असती तरी बटाट्याची पूर्ण तूट भरून निघाली नसती. पण ज्याच्याकडे पैसाच नाही त्याच्यासाठी धान्य बंदरात येतंय की बंदरातून जातंय याने काय फरक पडणार होता? त्याचा पैसा म्हणजे बटाटा होता आणि तो जमिनीत सडला होता.

ट्रेव्हेलियन आयर्लंडच्या आधी भारतात नोकरीला होते आणि नंतर मद्रासचे गव्हर्नर झाले. हा विचार साम्राज्यभर फिरत होता. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून भरपूर तांदूळ आणून लोक वाचवले, तर उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. तेच टेंपल तीन वर्षांनी दख्खनच्या दुष्काळात आले तेव्हा मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरतं, असं ठरवून आले. पुणे, सोलापूर, नगरच्या कामांवरच्या लोकांनी तेव्हा काम सोडून निषेध केला होता, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली होती. तो दुष्काळ पिकावरच्या रोगाचा नव्हता, अवर्षणाचा होता. पण भुकेल्या माणसाला कमीत कमी किती दिलं तर चालेल, हा हिशेब तोच होता.

आता बंगाल. १९४३ च्या दुष्काळाबद्दल आपण युद्ध, चर्चिल, साठेबाज हे शब्द ऐकतो. भाताच्या रोगाबद्दल फार कमी. १९४२ च्या पावसाळ्याअखेरीस बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग मोठ्या प्रमाणावर आला. १६ ऑक्टोबरला मिदनापूरच्या किनाऱ्यावर वादळ आणि समुद्राची लाट आली, आणि रोगाला हवी तशी दमट हवा टिकून राहिली. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी पुढे १९७३ मध्ये लिहिलेल्या लेखात बांकुरा आणि चिनसुरा इथल्या भात संशोधन केंद्रांचे आकडे दिले. अनेक वाणांचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेत निम्म्याहून जास्त घटलं होतं, काहींचं नव्वद टक्क्यांपर्यंत. त्यांच्या मते दुष्काळाचं मूळ इथे होतं.

अमर्त्य सेन यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या हिशेबाने १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त पाच टक्क्यांनी कमी होतं, आणि १९४१ पेक्षा जास्तच होतं. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. युद्धाच्या खर्चाने भाव भडकले, कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत राहिलं, आणि खेड्यातला शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या मजुरीत तांदूळ परवडेनासा झाला. जपानी येतील या भीतीने सरकारने किनारपट्टीवरच्या नावा आणि धान्य काढून घेतलं होतं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता. इतर प्रांतांनी आपल्या सीमा धान्यासाठी बंद केल्या होत्या. सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर दुष्काळ संहितेप्रमाणे मदत देणं भाग पडलं असतं. चौकशी आयोगाने मृत्यू पंधरा लाख धरले, नंतरचे बरेच अभ्यासक तीस लाखांच्या आसपास सांगतात.

सेन बरोबर की पद्मनाभन, यावर अजून वाद चालतो. धान्याचे सरकारी अंदाज त्या काळी कच्चे होते, रोगाचा फटका त्यांत कमी धरला गेला असेल, हा मुद्दा मला पटतो. पण समजा पद्मनाभन यांचे आकडे संपूर्ण बंगालला लागू होते. तरीही मेले कोण? ज्यांच्या शेतात रोग आला ते मोठे शेतकरी मेले नाहीत. त्यांनी राहिलेला तांदूळ तिप्पट-चौपट भावाने विकला. मेले ते ज्यांच्याकडे शेतच नव्हतं. रोगाने भाव वाढायला सुरुवात करून दिली, आणि त्या भावापुढे मजुराला उभं राहता येईल अशी कोणतीच व्यवस्था कुणी उभी केली नाही. म्हणून ही दोन मतं मला एकमेकांना खोडणारी वाटत नाहीत.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि आपण त्याचा पुरेसा अभिमान बाळगत नाही. १९७२-७३ मध्ये राज्याचं धान्याचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं होतं, बंगालच्या तुटीपेक्षा कितीतरी मोठी तूट. तरी बंगालसारखं मृत्यूचं थैमान झालं नाही. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. खडी फोडली, पाझर तलाव, नालाबांध झाले, पोरांना सुकडी मिळाली. हाल झाले, फार झाले. पण मजुराच्या हातात दर आठवड्याला पैसा पडला आणि तो पैसा धान्य आपल्याकडे ओढून आणू शकला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी यातूनच राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम द्यायलाच हवं, हे तिचं तत्त्व ट्रेव्हेलियन यांच्या समजुतीच्या अगदी विरुद्ध टोकाचं आहे.

त्या दुष्काळाच्या ऐन आधीच्या वर्षी एक गोष्ट घडली होती, जी अवर्षणाच्या आठवणींत हरवून गेली. १९६५ मध्ये बाजरीचं एचबी-१ हे संकरित वाण आलं, मागोमाग एचबी-३. उत्पादन झपाट्याने वाढलं. पण या सुरुवातीच्या सगळ्या संकरित वाणांची मादी बाजू एकच होती, अमेरिकेतल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रातून आलेली ‘टिफ्ट २३ ए’. ती केवडा या रोगाला बळी पडणारी निघाली. कणसांच्या जागी पानांचे झुबके आले, ज्याला शेतकरी गोसावी म्हणतात. १९७०-७१ मध्ये देशात ८० लाख टन झालेली बाजरी पुढच्या वर्षी ५३ लाखांच्या आसपास आली. पावसाचाही त्यात वाटा होता, पण केवड्याचा मोठा होता. बाजरी हे गरिबाचं धान्य, आणि ते दुष्काळाच्या उंबरठ्यावर कमी पडलं. १९७० मध्येच अमेरिकेत मक्याच्या बाबतीत असंच घडलं होतं. तिथला बहुतेक मका एकाच मादी वंशावर आधारलेला होता. करप्याने साधारण १५ टक्के पीक नेलं, पण तिथे भूक आली नाही. तिथला मका मुख्यतः जनावरांच्या पोटात जात होता आणि माणसांच्या खिशात पैसे होते.

संकरित वाणं आणणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या वाणांनी लाखो घरांत धान्य आणलं. पण एकाच वाणाने सगळा शिवार भरून टाकायचा आणि त्याचा धोका एकट्या शेतकऱ्याने उचलायचा, याला धोरण म्हणता येत नाही. लंपरचं जे झालं ते बाजरीचं झालं, आणि आज सोयाबीनचं होत आहे. जेएस-३३५ हे १९९४ चं वाण. मराठवाडा-विदर्भात त्याने वर्षानुवर्षं राज्य केलं, कारण ते लवकर येतं आणि बाजारात चालतं. पिवळा मोझॅक या विषाणूच्या रोगापुढे मात्र ते टिकत नाही. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेतंच्या शेतं पिवळी पडली. शेंगा भरल्याच नाहीत. सोयाबीन हे आपलं अन्न नाही, म्हणून याला कुणी अन्नाचा प्रश्न म्हटलं नाही. पण ज्या घरात वर्षाचा किराणा, शाळेची फी आणि बाळंतपणाचा खर्च त्या एका पिकातून निघतो, तिथे सोयाबीन म्हणजे आयर्लंडच्या मजुराचा बटाटाच आहे.

दक्षता पाळली तर काय होतं हेही दिसलेलं आहे. २०१६ मध्ये दक्षिण अमेरिकेतला गव्हाचा ब्लास्ट हा बुरशीचा रोग बांगलादेशात पोहोचला आणि सुमारे १५,००० हेक्टरवर पसरला. पश्चिम बंगालने सीमेलगतच्या पट्ट्यात आणि नदिया, मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गहू पेरायलाच बंदी घातली. बांगलादेशाने वर्षभरात रोगाला तोंड देणारं वाण शेतकऱ्यांपर्यंत आणायला सुरुवात केली. हे काम गाजावाजा न होता झालं, म्हणून आपल्याला त्याची किंमत कळत नाही. महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्रासारख्या जागी माणसं वर्षानुवर्षं तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांवर नजर ठेवतात. अशा पदांवरच्या जागा रिकाम्या ठेवणं म्हणजे पैशांची बचत आहे, असं मानणाऱ्यांनी १८४५ नंतरची आयर्लंडची लोकसंख्या एकदा बघावी.

आज भारतात रोगामुळे आयर्लंडसारखा दुष्काळ पडेल असं मी म्हणत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने दोन-तृतीयांश लोकांना स्वस्त वा मोफत धान्याचा हक्क दिला आहे आणि तो हक्क आपली सर्वांत मजबूत भिंत आहे. पण रेशन म्हणजे तांदूळ आणि गहू, एवढंच समीकरण होऊन बसलं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी रेशनवर नियमित यायला हव्यात, तशा सरकारने हमीभावाने घेतल्या तरच शेतकरी त्या पेरेल. त्यामुळे शेतात आणि ताटात दोन्हीकडे एकाच्या जागी चार पिकं येतील. बियाण्याच्या बाबतीतही तेच. एका जिल्ह्यात एकाच वाणाखाली किती क्षेत्र आहे, हे दरवर्षी कृषी विभागाने जाहीर करावं, आणि ते फार वाढलं तर दुसऱ्या वाणांच्या बियाण्याला अनुदान द्यावं.

आणि सगळ्यांत आधी, शेतमजूर. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सव्वा कोटी शेतकरी आणि त्यांच्याहून जास्त, एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास, शेतमजूर आहेत. पीक रोगाने गेलं की पंचनामा होतो, विमा मिळतो किंवा मिळत नाही, अनुदान जाहीर होतं किंवा होत नाही. पण हा सगळा हिशेब हेक्टरांत आणि सातबाऱ्यावर चालतो. ज्या बाया सोयाबीन उक्त्याने कापतात, त्यांचा दिवाळीपूर्वीचा महिना त्या पिवळ्या शेतांबरोबर जातो आणि कुठल्याही कागदावर त्याची नोंद होत नाही. ज्या महसूल मंडळात रोगाने पीक गेल्याचं सरकार मान्य करतं, त्या मंडळात त्याच आठवड्यापासून रोजगार हमीची कामं सुरू व्हावीत, मजुरी पंधरा दिवसांच्या आत खात्यात जमा व्हावी, आणि भूमिहीन कुटुंबांना पुढच्या हंगामापर्यंत वाढीव रेशन मिळावं. पंचनाम्याच्या अर्जात शेतमालकाच्या नावाखाली, त्या शेतावर कापणीला येणाऱ्या मजुरांच्या नावांसाठी एक रकाना हवा.